रविवारी रस्ता सायकलींना मोकळा ठेवायचा तर : नवी मुंबई-ठाण्यातल्या आयोजकांसाठी

रस्ता बंद करायला दोन बॅरिकेड पुरतात. तो तीन तास बंद ठेवणं हे खरं काम. घरच्यांनी मुलाबाळांसकट सायकल चालवायची असेल, तर बंद रस्त्यावर घुसलेली एक स्कूटरही पालकांचा विश्वास उडवायला पुरेशी असते. त्यामुळे पैसा, माणसं आणि डोकं आधी रस्त्याला येऊन मिळणाऱ्या गल्ल्या-रस्त्यांच्या तोंडांवर खर्च करा. फुगे, टी-शर्ट आणि मंच यांचा विचार उरलेल्या वेळात झाला तरी चालतो.

रस्ता कसा निवडायचा

नकाशावर रुंद दिसणारा रस्ता निवडू नका. ज्याला फाटे कमी आहेत तो निवडा. दुभाजक असलेला, दोन चौकांच्या मधला साधारण १ किलोमीटरचा सपाट तुकडा पहिल्या वेळेला पुरतो. एका बाजूने जायचं, दुभाजकाच्या कटमधून वळायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. फेरी २ किलोमीटरची होते आणि समोरून कोणी येत नाही. हा समोरून न येण्याचा मुद्दा फार मोठा आहे. एकच बाजू बंद करून तिच्यात शंकू (ट्रॅफिक कोन) लावून दुहेरी सायकली सोडल्या, तर पाच-सहा वर्षांची मुलं शंकू ओलांडून समोरच्याच्या अंगावर जातात.

वळण चौकात ठेवू नका. चौकाच्या ५० मीटर आधीचा कट वापरा, म्हणजे चौक आडव्या वाहतुकीला मोकळा राहतो आणि पोलिसांचा निम्मा विरोध तिथेच मावळतो. कट निदान ८ मीटर रुंद हवा. त्याहून अरुंद असेल तर सायकली तिथे तुंबतात आणि मागच्या पुढच्यांवर आदळतात.

रस्त्यावर रुग्णालय, अग्निशमन केंद्र, बस आगार, मंडई किंवा पेट्रोल पंप नको. शाळा चालेल, पण त्या रविवारी तिथे स्पर्धा परीक्षेचं केंद्र नाही ना, हे शाळेतच जाऊन विचारा. परीक्षार्थींच्या रिक्षा अडवून कोणाचंच भलं होत नाही.

सगळ्यांच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा पाम बीच रोड येतो. वाशी ते बेलापूर हा मार्ग सायकलवाल्यांचा लाडका आहे, खाडीच्या बाजूला बराच भाग कांदळवनाचा असल्याने त्या अंगाला फाटेही कमी आहेत. तरी घरगुती रविवारासाठी तो पहिला पर्याय नव्हे. एक बाजू बंद केली की दोन्ही दिशांच्या वेगवान गाड्या दुसऱ्या बाजूवर समोरासमोर आणाव्या लागतात, त्याला मोठा बंदोबस्त लागतो. त्यापेक्षा वाशी, नेरूळ, खारघर किंवा ऐरोलीतला सेक्टरमधला रुंद अंतर्गत रस्ता बरा. ठाण्यात घोडबंदर रोडचा विचारही नको. तलावपाळीला स्टेशनची गर्दी आणि बसगाड्या आहेत. उपवनच्या बाजूला सकाळी वातावरण छान असतं, पण फेरी येऊरच्या चढापर्यंत नेऊ नका. उताराला लागलेली मुलं ब्रेक दाबायचं विसरतात.

रस्ता ठरला की तो सायकलवरून दोनदा बघा, एकदा संध्याकाळी आणि एकदा रविवारी सकाळी ज्या वेळेला कार्यक्रम आहे त्याच वेळेला. पावसाळी गटारावरच्या जाळ्यांच्या फटी रस्त्याच्या दिशेने असतील तर पातळ टायर सरळ आत जातो. अशा जाळीवर कार्यक्रमापुरती फळी नको, ती सरकते. आजूबाजूला शंकू लावून तो भाग वगळा. दुभाजकाच्या कटपाशी बारीक खडी आणि रेती साचते, नेमकी जिथे सगळे वळतात तिथेच. झाडलोट आदल्या दिवशी करून उपयोग नाही, पहाटे करून घ्या.

तारीख आणि वेळ

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने आपल्याकडे सायकलीचे. जानेवारीच्या मध्याला सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो, म्हणून ‘सकाळी ६’ असं पत्रकावर छापायच्या आधी कॅलेंडर बघा. अंधारात लहान मुलं नकोत. थंडीत ७ ते १० आणि मार्चनंतर साडेसहा ते नऊ ही वेळ ठीक. जून ते सप्टेंबर सोडून द्या. पाणी साचलं की खड्डा दिसत नाही, आणि ओल्या रिमवर ब्रेकचे रबर उशिरा पकडतात.

परवानग्या

अर्ज सहा आठवडे आधी द्या. वाहनांना बंदी घालणं हे पोलिसांचं काम आहे. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ११५ खाली वाहतूक शाखेकडून अधिसूचना निघते. पोलीस उपायुक्त, वाहतूक यांच्या नावाने अर्ज करा आणि प्रत स्थानिक वाहतूक शाखेला व पोलीस ठाण्याला द्या. ऐरोली ठाणे तालुक्यात असली तरी आयुक्तालय नवी मुंबईचं, हे ध्यानात असू द्या. पालिकेचा पत्ताही नीट बघा. वाशी-नेरूळ-बेलापूर नवी मुंबई महापालिकेकडे, खारघर-कामोठे-कळंबोली पनवेल महापालिकेकडे, उलव्यासारख्या नोडमध्ये, म्हणजे नियोजित वसाहतीत, सिडको हे नगरनियोजन महामंडळ. चुकीच्या टेबलावरचा अर्ज परत येईपर्यंत दोन आठवडे जातात.

अर्जासोबत हाताने काढलेला का होईना, एक नकाशा जोडा. त्यावर प्रत्येक तोंड क्रमांकाने दाखवा, कुठे पोलीस हवेत, कुठे स्वयंसेवक पुरतील, पर्यायी रस्ता कोणता, रुग्णवाहिका कुठून आत येईल. ‘रस्ता बंद करावा ही विनंती’ एवढ्याच पत्रावर कोणताही अधिकारी सही करायला कचरतो. अधिसूचनेत वेळ मागताना अर्धा तास जास्तीचा मागा. कार्यक्रम दहाला संपणार असेल तर साडेदहापर्यंतची बंदी आणि आदल्या रात्रीपासून नो पार्किंग.

एनएमएमटी किंवा टीएमटी या नवी मुंबई-ठाण्याच्या बससेवांना, आणि तिथून बेस्टची बस जात असेल तर बेस्टलाही, मार्ग बदलाचं पत्र द्यावं लागतं. ध्वनिक्षेपकाची परवानगी वेगळी. ध्वनी प्रदूषण नियम २००० नुसार निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, रुग्णालय आणि शाळेभोवती किमान १०० मीटरचं शांतता क्षेत्र जाहीर झालेलं असू शकतं आणि सकाळी ६ च्या आधी ध्वनिक्षेपक लावताच येत नाही. सार्वजनिक दायित्व विमा एका दिवसाचाही मिळतो, तो काढा.

सोसायट्या

विरोध रस्त्याला नसतो, अडकून पडण्याच्या भीतीला असतो. डायलिसिसला जायचंय, विमान पकडायचंय, गावाहून माणसं येणार आहेत, ही कारणं खरी असतात. दहा दिवस आधी प्रत्येक सोसायटीच्या सेक्रेटरीला भेटा आणि दोन गोष्टी द्या : एका पानाचं मराठी-हिंदी-इंग्रजी पत्रक आणि एकच फोन नंबर. त्या नंबरवर आदल्या रात्री ९ पर्यंत ज्यांना गाडी बाहेर काढायचीच आहे त्यांची नोंद घ्या. ही यादी त्या-त्या तोंडावरच्या स्वयंसेवकाच्या हातात पोहोचली पाहिजे, आयोजकाच्या व्हॉट्सॲपवर पडून राहिली तर उपयोग नाही.

पत्रकापेक्षा वॉचमन महत्त्वाचा. रविवारी सकाळी सात वाजता गेट उघडणारा तोच असतो. त्याला आदल्या दिवशी प्रत्यक्ष भेटून सांगा की गाडी आली तर आधी फोन करायचा, मग गेट उघडायचं.

दूधवाले, पेपरवाले, घरकामाला येणाऱ्या बायका आणि पोळीभाजीचे डबे देणारे यांची अडवणूक अजिबात नको. पायी आणि सायकलवर त्यांना रस्ता मोकळाच आहे. स्कूटरवाल्या डिलिव्हरीवाल्यांसाठी प्रत्येक मोठ्या तोंडाशी दहा दुचाकींची जागा आखून ठेवा. तिथे गाडी लावून चालत जायची सोय दिसली की बहुतेक जण वाद घालत नाहीत.

तोंडं सांभाळणं

यावर कितीही लिहिलं तरी कमीच.

तोंडांचे तीन प्रकार करा. पहिला, पूर्ण बंद : सोसायट्यांच्या गल्ल्या, सेवारस्ते. दुसरा, नोंद केलेल्या गाड्यांपुरतं उघडं. तिसरा, उघड-मीट : जिथून आडवी वाहतूक जाऊ दिल्याशिवाय गत्यंतर नाही. तिसऱ्या प्रकाराला घाबरू नका. कोलंबियाच्या बोगोटा शहरात १९७४ पासून दर रविवारी असे रस्ते मोकळे ठेवतात, आज ते जाळं १०० किलोमीटरहून मोठं आहे, आणि तिथेही आडवे रस्ते सगळे बंद नसतात. चौकात माणूस उभा राहून कधी सायकली थांबवतो, कधी गाड्या. आपल्याकडे मात्र गाड्या थांबवायचा अधिकार पोलिसांचा आहे, म्हणून तिसऱ्या प्रकारच्या तोंडावर पोलीस हवाच. स्वयंसेवकाने तिथे फक्त सायकली थांबवायच्या.

प्रत्येक तोंडावर दोन माणसं. एकाचं तोंड बाहेर, दुसऱ्याचं आत. दोघांनी बाहेर बघितलं तर आतून निघालेली गाडी पाठीमागून येते, आणि नेमकं हेच सगळीकडे होतं. बॅरिकेड दोन, एकामागे एक, थोडे एकमेकांवर सरकवलेले, मध्ये सव्वा मीटरची नागमोडी वाट. सायकल हातात धरून नेता येते, मोटार येत नाही. स्कूटर मात्र सुळकन येते, म्हणूनच माणूस लागतो. फुटपाथवरून वळसा घालणाऱ्या दुचाकींसाठी एखादी मोठी कुंडी किंवा पाण्याने भरलेला ड्रम ठेवा.

बॅरिकेड तारेने बांधू नका, कुलूप तर नाहीच. रुग्णवाहिका किंवा अग्निशमनची गाडी आली तर एका माणसाला दहा सेकंदांत ते सरकवता आलं पाहिजे आणि पूर्ण फेरीभर ४ मीटरची सरळ वाट मोकळी राहिली पाहिजे. आणि रस्त्यावर आडवी दोरी किंवा लाल-पांढरी पट्टी कधीच बांधू नका. मोठ्यांच्या छातीला लागणारी दोरी आठ वर्षांच्या मुलाच्या गळ्याला लागते, आणि वेगात ती दिसतही नाही.

स्वयंसेवकाला काय बोलायचं ते पाठ करून द्या. नुसतं ‘बंद आहे’ म्हटलं की भांडण सुरू. ‘दादा, दहापर्यंत सायकलींना दिलाय, डावीकडे वळा, पुढच्या सिग्नलला बाहेर पडाल,’ असं म्हटलं की गाडी वळते. म्हणजे ज्याला पर्यायी रस्ता ठाऊक नाही त्याला तोंडावर उभं करू नये. कॉलेजची मुलं उत्साही असतात, पण रागावलेल्या गाडीवाल्यासमोर सोसायटीतले पन्नाशीचे काका-काकू जास्त टिकतात.

नोंद केलेली गाडी बाहेर काढायची असेल तर आधी आत कळवा, मग एक स्वयंसेवक सायकलवर पुढे, गाडीचे चारही इंडिकेटर चालू, चालण्याच्या वेगाने, सगळ्यात जवळच्या तोंडाने बाहेर. पूर्ण फेरी मारून नाही.

उद्घाटनाला येणाऱ्यांची गाडी बॅरिकेडच्या बाहेरच थांबेल, हे निमंत्रण देतानाच नम्रपणे सांगा आणि तिथे त्यांच्यासाठी सायकल तयार ठेवा. ताफा आत आला की तोंडावरच्या स्वयंसेवकाचं कोणी ऐकत नाही, आणि बरोबरच आहे.

माणसांचा हिशेब सहा तोंडांच्या फेरीसाठी असा : तोंडांवर १२, दोन वळणांवर ४, सायकलवरून गस्त ४, प्रवेशाशी ४, दुरुस्तीला २, प्रथमोपचाराला २, घोषणा आणि हरवलेल्या मुलांसाठी २, राखीव ३. एकूण ३३. राखीव माणसं कापू नका, चहा आणि लघवीला जाणाऱ्याच्या जागी तीच उभी राहतात.

आतली शिस्त

सगळे डावीकडून, ओव्हरटेक उजवीकडून, वेग ताशी १५ किलोमीटरच्या आत. डावीकडची ३ मीटर पट्टी शंकूंनी वेगळी करून लहान मुलांना द्या. शंकू सरळ भागात १० मीटरवर एक, वळणावर दीड-दोन मीटरवर एक. वळण उजवीकडे असल्याने मुलं आपोआप बाहेरच्या मोठ्या कमानीतून वळतात, ते त्यांना सोपं जातं.

वेगवान सायकलपटूंना स्पष्ट ‘आज नको’ म्हणा. ताशी ३० ने येणारा सेकंदाला ८ मीटरहून जास्त अंतर कापतो, मूल जेमतेम २. दहा मीटरवर मुलाने हँडल वाकडं केलं तर त्याच्याकडे दोन सेकंदही नसतात. त्याच कारणाने टायमिंग, मेडल, ‘पाच फेऱ्या पूर्ण करा’ असली आमिषं नकोत. मुलांपेक्षा पालक ती जास्त मनावर घेतात.

झुंबाचा मंच ठेवायचाच असेल तर फेरीच्या बाहेर, एखाद्या बंद गल्लीत. रस्त्याच्या कडेला ठेवला की बघे रस्त्यावर उभे राहतात आणि सायकली त्यांच्यातून वाट काढतात. खाण्याचे स्टॉलही तिथेच.

आठ वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं, आणि त्याने मुलाच्या उजवीकडे, अर्धी सायकल मागे राहायचं. पुढे गेलं तर मूल दिसत नाही, डावीकडे राहिलं तर मूल ओव्हरटेक करणाऱ्यांच्या बाजूला उघडं पडतं. मुलाच्या मनगटावर कागदी पट्टा बांधून त्यावर पालकांचा नंबर लिहा, नाव नाही.

सायकल आणि मूल : पालकांना आधी पाठवायच्या सूचना

हे पत्रक एक आठवडा आधी गेलं तर दुरुस्तीच्या टेबलावरची रांग निम्मी होते. सोसायटीच्या पार्किंगमध्ये वर्षभर उभी असलेली सायकल नेहमी त्याच तीन ठिकाणी रुसते : हवा, ब्रेक, चेन.

हवा किती भरायची ते टायरच्या कडेवर उठावदार अक्षरांत असतं. लहान मुलांच्या सायकलीला साधारण २० ते ४० पीएसआय (हवेच्या दाबाचं माप), जाड टायरच्या मोठ्या सायकलीला ३० ते ५०. पेट्रोल पंपावरच्या कॉम्प्रेसरने मुलांची ट्यूब भरू नका, क्षणात फुटते. ब्रेकचा लिव्हर हँडलला टेकत असेल तर केबल सैल आहे. रबर कडक, चकचकीत झाले असतील तर बदला. खाडीच्या हवेत चेन लवकर गंजते. आधी कोरड्या फडक्याने पुसा, प्रत्येक कडीला तेलाचा एक थेंब द्या, पेडल उलटं फिरवा आणि जास्तीचं तेल पुसून टाका. तेल रिमवर किंवा डिस्कवर उडालं तर ब्रेक गेलाच.

माप : १२ इंची चाक साधारण ३-४ वर्षांना, १६ इंची ४ ते ६, २० इंची ६ ते ९, २४ इंची त्यापुढे. वयापेक्षा एक कसोटी बरी : सीटवर बसून दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. ‘अजून दोन वर्षं चालेल’ म्हणून मोठी घेतलेली सायकल मुलाला थांबवता येत नाही.

हेल्मेट भुवईच्या वर दोन बोटं, पट्ट्यांचा इंग्रजी ‘व्ही’ कानाच्या खाली, हनुवटीखाली एक बोट जाईल एवढीच सैल. मागे कलंडलेलं हेल्मेट कपाळ उघडं टाकतं. मोटरसायकलचं हेल्मेट मुलाला घालू नका, मान दुखते. ओढणी, साडीचा पदर, बुटांची नाडी, सैल पायजमा हे सगळं चेनपासून लांब. आणि साध्या कॅरिअरवर मूल बसवून आणू नका. स्पोकमध्ये पाय जाऊन होणारी जखम वाईट असते. पायांना आडोसा असलेली लहान मुलांची सीटच हवी.

शिकणाऱ्यांचा कोपरा

एखादी बंद गल्ली किंवा पार्किंगचा ३० बाय १५ मीटरचा तुकडा यासाठी ठेवा. पुष्कळ मुलं इथेच पहिल्यांदा तोल सांभाळतात. सपोर्टची चाकं काढा, दोन्ही पेडल १५ मिमीच्या पान्याने काढा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर सुटतं. नेहमीसारखं जोर लावून फिरवलंत तर आणखी घट्ट बसेल. सीट पूर्ण खाली. आता मुलाने पायांनी जमीन ढकलत जायचं, आधी छोटी पावलं, मग लांब ढांगा, मग दोन्ही पाय वर. पाय वर ठेवून चार-पाच मीटर गेलं की एक पेडल लावा, मग दुसरं. पालकांनी हँडल धरायचं नाही, त्याने मुलाला तोल कळतच नाही. काखेखाली हलका हात पुरे.

दुरुस्ती, पाणी, औषधं

दुरुस्तीच्या टेबलावर दोन उभे पंप हवेत. मोटारीसारखा जाड व्हॉल्व्ह आणि बारीक प्रेस्टा, दोन्हींना चालणारे, आणि साध्या काळ्या सायकलीच्या व्हॉल्व्हसाठी वेगळी क्लिप. ४, ५, ६ मिमीच्या ॲलन की (षटकोनी चाव्या), १५ मिमीचा पाना, स्क्रू ड्रायव्हर, टायर काढायच्या प्लास्टिकच्या पट्ट्या, पॉलिश पेपर, सोल्युशन, पॅच, पाण्याचं घमेलं. १२, १६, २०, २४ आणि २६ इंची ट्यूब प्रत्येकी तीन. पंक्चर काढताना सोल्युशन लावल्यावर ते हाताला चिकटेनासं होईपर्यंत थांबायचं, मग पॅच दाबायचा. ओल्यावर लावलेला पॅच पुढच्या फेरीत निघतो. आणि नवीन ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवा, तो काटा किंवा काच अजून तिथेच असते.

पाचशे माणसांना अर्धा लिटर धरलं तर २५० लिटर, म्हणजे २० लिटरचे तेरा जार. प्लास्टिकचे पेले आणू नका, राज्यात त्यांच्यावर बंदी आहे. बाटली घरून आणायला सांगा आणि थोडे स्टीलचे पेले ठेवा. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, अर्ध्या लिटरमध्ये नाही.

खरचटलेलं आधी भरपूर स्वच्छ पाण्याने धुवा, मग औषध. हात टेकून पडलेल्या मुलाचं मनगट सुजलं आणि ते हात हलवू देत नसेल तर पट्टी बांधून ‘खेळ जा’ म्हणू नका, एक्स-रे लागतो. डोक्याला मार लागल्यावर उलटी झाली किंवा मूल झोपाळू वाटलं तर थेट रुग्णालय. रुग्णवाहिका बाहेर जायच्या दिशेला तोंड करून उभी करा. १०८ आणि ११२ प्रत्येक स्वयंसेवकाच्या कार्डावर छापा.

उघडताना

तीन तासांतली सगळ्यात धोक्याची वेळ ही शेवटची दहा मिनिटं. साडेनऊला संगीत बंद करा आणि घोषणा सुरू करा, पावणेदहाला प्रवेश बंद. दहाला गस्तीच्या दोन सायकली शेवटच्या माणसाच्या मागे लागतात आणि ‘शेपूट’ म्हणून पूर्ण फेरी मारतात. शेपूट ज्या तोंडावरून पुढे गेलं तेच तोंड उघडायचं, तेही मागच्या बाजूचे शंकू उचलल्यावर. घड्याळात दहा वाजले म्हणून सहाही तोंडं एकदम उघडली तर रस्त्याच्या मधोमध सपोर्टच्या चाकांवर चाललेलं मूल आणि तीन तास थांबलेली टॅक्सी समोरासमोर येतात. अधिसूचनेत मागितलेला तो जास्तीचा अर्धा तास यासाठीच.

प्रत्येक तोंडावरच्या जोडीकडून निघायच्या आधी एक कागद भरून घ्या : किती गाड्या सोडल्या, किती परत पाठवल्या, कुठून घुसायचा प्रयत्न झाला, कोण रागावलं आणि का. त्याच दुपारी त्याची एक प्रत वाहतूक शाखेला पाठवा आणि सोबत पुढच्या तारखेचा अर्ज जोडा.